जाहिरात शेपटाकडून वाचायची

आमच्या छापखान्यातून गेलेल्या प्रत्येक बिलबुकाच्या तळाला, अगदी बारीक टाइपात, आकड्यांची एक ओळ असायची. ५०–१००–३/७८. म्हणजे पन्नास पुस्तकं, प्रत्येकात शंभर पानं, मार्च ७८. गिऱ्हाइकाचं तिकडे कधी लक्षही जायचं नाही. पण वर्षा-दोन वर्षांनी दुकानदार "मागच्यासारखंच करा" म्हणत आला की अण्णा आधी पुस्तकाचा तळ बघायचे आणि मगच दर सांगायचे. सांगलीच्या खणभागात घराच्या पुढच्या खोलीत ट्रेडल, म्हणजे छोटं छपाईयंत्र, होतं. मालक, मशीनमन आणि खिळे (शिशाची अक्षरं) जुळवणारा जुळारी, तिन्ही अण्णाच. मी आठवीपासून मॅटर सोडवायला बसायचे, म्हणजे छापून झालेले खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. पुढे नोकरीही एका दैनिकाच्या जाहिरात विभागात केली, एकोणतीस वर्षं.

भाची ओहायोत असते. तिनं तिकडच्या एका गावच्या साप्ताहिकाचे १८८३ सालचे अंक दाखवले. "मावशी, बघ तुझ्या धंद्यातलं." तिला टोप्यांच्या आणि दातदुखीच्या औषधांच्या जाहिराती गमतीशीर वाटल्या होत्या. मी त्यात जी बुडाले ती अजून वर आलेली नाही. आता विश्रामबागेतल्या मैत्रिणी विचारतात, त्यात एवढं बघतेस तरी काय, आम्हालाही शिकव. तर घ्या.

हे अंक अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका' या संग्रहात फुकट बघता येतात. न्यूयॉर्कच्या बड्या दैनिकापासून सुरुवात करू नका, दमाल. आपल्या तासगाव-विट्याएवढ्या गावाचं चार पानी साप्ताहिक निवडा, एकच साल धरा आणि अंक ओळीनं उलटा. शोधपेटीवर विसंबू नका. जुनी छपाई मशीनला नीट वाचता येत नाही, झिजलेला 'ई' तिला 'सी' दिसतो. शिवाय रेल्वेला कुणी 'रेलरोड' लिहितं, कुणी नुसतं 'आर. आर.'. पानं हातानंच उलटायची.

पान उघडलं की नजर आपसूक मोठ्या अक्षरांकडे जाते. ती आवरा आणि जाहिरातीची शेवटची ओळ बघा. उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढं काहीतरी असतं, तेच जाहिरातीचं शेपूट. समजा 'ऑक्ट. १२ – ३ एम' असं आहे. ही जाहिरात १२ ऑक्टोबरला पहिल्यांदा लागली आणि तीन महिन्यांची आहे. 'टी एफ' असेल तर 'टिल फॉरबिड', म्हणजे गिऱ्हाईक बंद करा म्हणेपर्यंत चालू. हे वाचकासाठी नव्हतंच, छापखान्यातल्या माणसासाठी होतं. अण्णांच्या बिलबुकासारखंच. दुकानदार काय ओरडून सांगतोय ते वर, आणि त्यानं खिशातून किती काढले ते खाली.

किती काढले याचा हिशोब लावायचा तर पेपरच्या नावाजवळ दरपत्रक शोधा. तिथे 'स्क्वेअर' हा शब्द भेटेल. तो चौकोन नव्हे. ठरावीक ओळींचं ते माप होतं, साधारण दहा-बारा ओळींचं, आणि एक स्क्वेअर किती ओळींचा हे पेपर आपापलं ठरवायचे. आम्ही कॉलम सेंटीमीटरमध्ये मोजायचो, ते ओळींत मोजायचे. बारीक जाहिरातींच्या टाइपाला 'अगेट' म्हणत. साधारण साडेपाच पॉइंट उंचीचा टाइप, हिशोबाला एका इंचात चौदा ओळी धरत. तो हातानं जुळवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचं काय होत असेल, ते मला विचारा.

आता छापखान्यातल्या पोरीलाच सुचेल अशी एक गोष्ट सांगते. एकच जाहिरात लागोपाठच्या चार अंकांत उघडा आणि मोठी करून अक्षरांच्या कडा बघा. माझ्या साप्ताहिकात एका लिव्हरी स्टेबलची, म्हणजे भाड्यानं घोडे आणि बग्ग्या देणाऱ्याची, जाहिरात आहे. तिच्यातल्या 'आर' या अक्षराचा उजवा पाय तुटलेला आहे. जानेवारीत तुटलेला, फेब्रुवारीतही तोच पाय, त्याच जागी. म्हणजे हे मॅटर सोडवलंच नाही, दोरीनं बांधून तसंच ठेवलं आणि दर आठवड्याला पानाच्या फर्म्यात, म्हणजे चौकटीत, बसवलं. ज्या आठवड्यात तो तुटका 'आर' नाहीसा होईल किंवा ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतील, त्या आठवड्यात जाहिरात नव्यानं जुळवली गेली. फुकटचे कष्ट कुणी घेत नाही. मग काय बदललं ते शोधा. दर? पत्ता? की नावापुढे 'अँड सन' लागलं? दुकानात मुलगा कधी बसायला लागला, ते असं कळतं.

चारही पानं त्याच गावात छापली गेली असं धरून चालू नका. बऱ्याच छोट्या पेपरांची अर्धी पानं बाहेरून छापून यायची. याची सुरुवात विस्कॉन्सिन राज्यातल्या बाराबू गावात झाली असं सांगतात. १८६१ साली यादवी युद्ध पेटलं आणि तिथल्या केलॉग नावाच्या संपादकाचे कामगार सैन्यात गेले. त्यानं आतली दोन पानं मॅडिसन शहरातून छापून आणली आणि बाहेरची दोन घरी छापली. पुढे १८६५ मध्ये शिकागोला जाऊन त्यानं याचाच धंदा मांडला. दिवाळीच्या तोंडावर जुळारी गावी निघून जाण्याचं दुःख मला माहीत आहे, त्यामुळे या माणसाबद्दल मला ममत्व आहे. पण तुमच्यासाठी मुद्दा असा की त्या तयार पानांवरच्या औषधांच्या जाहिराती शेकडो गावांत तशाच जायच्या. त्यावरून 'या गावात अपचन फार होतं' असा शोध लावू नका. टाइपाचं वळण आणि शाईचा रंग पानागणिक बदलतोय का बघा. गावचे दुकानदार ज्या पानावर आहेत, ते गावचं पान.

दुकानदारांच्या जाहिराती सोप्या आहेत, थोडे शब्द कळले की झालं. 'ड्राय गुड्स' म्हणजे कापडचोपड. 'कंट्री प्रोड्यूस' घेऊ असं लिहिलेलं असेल तर रोख नसली तरी चालेल, लोणी-अंडी आणा आणि माल न्या. फर्निचरवालाच शवपेट्याही विकतो, याचं नवल वाटू देऊ नका. आपल्याकडे सुपं-टोपल्या जिथे मिळतात, तिरडीचे बांबूही तिथेच मिळतात. हॉटेलच्या जाहिरातीत 'सॅम्पल रूम' दिसली तर ती फिरत्या विक्रेत्यांना माल मांडायला दिलेली खोली. मात्र गुत्तेवालेही आपल्या गुत्त्याला सभ्यपणे 'सॅम्पल रूम' म्हणत, तेव्हा शेजारी काय छापलंय ते बघून ठरवा. आणि 'सर्व गाड्यांना मोफत ऑम्निबस' असेल तर हॉटेलची घोडागाडी प्रत्येक गाडीच्या वेळेला स्टेशनवर उभी असे. हॉटेलच्या जाहिरातीवरून त्या गावाला रेल्वेची सवय किती लागली होती ते कळतं.

रेल्वेच्या जाहिराती मात्र निवांत बसून बघा, खरा माल तिथे आहे.

वर इंजिनाचं चित्र असेल. त्यावर भाळू नका. आपल्या लग्नपत्रिकांवरचा गणपती जसा प्रत्येक छापखान्यात तोच ब्लॉक, म्हणजे चित्राचा तयार ठसा, असायचा, तसे इंजिनाचे, आगबोटीचे, हॉटेलचे तयार ब्लॉक टाइप फाउंड्रीकडून, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याकडून, विकत मिळायचे. त्या चित्रावरून त्या लाइनवर कुठलं इंजिन धावायचं हे सांगता येत नाही. चित्राच्या खाली या.

खाली वेळापत्रक असतं. अमुक तारखेपासून लागू, ही ओळ आधी. मग गाड्यांच्या जाती. 'एक्स्प्रेस' कळतं. 'ॲकोमोडेशन' म्हणजे प्रत्येक स्टेशनवर थांबणारी, आपली पॅसेंजर. फुली किंवा खंजिराची खूण असेल तर तळाशी अर्थ दिलेला असतो, बहुतेक वेळा 'रविवार सोडून रोज'. आता सगळ्यात महत्त्वाचं: वेळ कुठल्या घड्याळाची? त्या काळी अमेरिकेत गावागणिक सूर्याप्रमाणे वेगळी वेळ होती आणि प्रत्येक रेल्वे कंपनी आपल्याला सोयीच्या शहराचं घड्याळ धरायची. ओहायोत बऱ्याच गाड्या कोलंबस या तिथल्या राजधानीच्या वेळेवर चालत. १८ नोव्हेंबर १८८३ या रविवारी रेल्वे कंपन्यांनी आपणहून प्रमाणवेळ सुरू केली. सरकारचा कायदा यायला १९१८ साल उजाडलं. ओहायोतल्या गाड्यांनी धरलेली नवी सेंट्रल प्रमाणवेळ कोलंबसच्या वेळेपेक्षा २८ मिनिटांनी मागे. म्हणून ऑक्टोबरच्या अंकात ९ वाजता सुटणारी गाडी डिसेंबरच्या अंकात ८.३२ ला दिसली, तर कंपनीनं गाडी आधी सोडली असं लिहून मोकळे होऊ नका. गाडी तिथेच आहे, घड्याळ सरकलंय. मी पहिल्या दिवशी हीच चूक केली आणि भाचीला ऐटीत सांगितलीही. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? रेल्वे मद्रास टाइमवर चालायची आणि मुंबईचं घड्याळ तिच्या अर्धा तास मागे.

वेळापत्रकातल्या आकड्यांवर तसाही पुरता विश्वास नको. एका कापडवाल्यानं नव्या वर्षाला गिऱ्हाइकांना वाटायला कार्डं छापून घेतली होती. मधे सांगलीहून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा, भोवती दुकानाची जाहिरात. मॅटर सोडवताना मी ९ चा खिळा ६ च्या खणात टाकला होता. सकाळची ६.२० ची गाडी ९.२० ला छापली गेली. प्रूफ अण्णांनी वाचलं, दुकानदारानं वाचलं, कुणाला दिसलं नाही. एक म्हातारे गृहस्थ कार्ड हातात घेऊन स्टेशनवरून सरळ आमच्या दारात आले. अण्णांनी मला आत पाठवलं आणि स्वतः ऐकून घेतलं. तेव्हा १८८३ च्या कुठल्या अंकात वेळ विचित्र वाटली तर पुढचा अंक बघा. चूक असेल तर बहुधा दुरुस्त झालेली सापडेल. शिवाय १८६८ पासून सगळ्या कंपन्यांची वेळापत्रकं एकत्र छापणारं 'ऑफिशियल गाइड' निघत होतं, त्याच्याशी ताडून बघता येतं.

जाहिरातीत 'विदाउट चेंज ऑफ कार्स' हे शब्द वारंवार येतील. डबा न बदलता थेट. आज वाचताना ही काय मोठी गोष्ट असं वाटतं. पण आपण मिरजेचे शेजारी, आपल्याला हे समजावून सांगायला नको. ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज अशा तिन्ही रुळांचं जंक्शन होतं ते. पुण्याची लाइन ब्रॉडगेज झाल्यावर बेळगावकडे जाणाऱ्यांना ट्रंका, वळकट्या आणि पोरं घेऊन मिरजेला गाडी बदलावी लागायची. अमेरिकेच्या दक्षिणेत बराच काळ पाच फुटी रूळ होते, उत्तरेत त्याहून अरुंद. १८८६ मध्ये ३१ मे आणि १ जून या दोन दिवसांत दक्षिणेनं रुळांची रुंदी बदलून घेतली. त्याआधीच्या जाहिरातीत 'डबा न बदलता' दिसलं तर ती खरोखर मिरवण्याची गोष्ट होती.

तसंच 'वेस्टिंगहाउस एअर ब्रेक' (हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक) आणि 'मिलर प्लॅटफॉर्म' (डबे एकमेकांत घुसू नयेत अशी जोडणी) यांचं. कंपन्या हे ठळक छापत, कारण डबे एकमेकांत घुसून माणसं मरत होती आणि वाचकाला ते ठाऊक होतं. जाहिरातदार ज्याची खात्री देतो, त्याचीच लोकांना धास्ती असते. हे मी दैनिकात दर पावसाळ्यात पाहिलंय. पूर येऊन गेला की बंगल्यांच्या जाहिरातीत 'पूररेषेबाहेर' हे शब्द भावापेक्षा मोठ्या टाइपात येतात.

सगळ्यात तळाला सही असते, 'जन. पॅस. एजंट', म्हणजे प्रवासी वाहतुकीचा प्रमुख. त्यानं संपादकाला रोख पैसे दिलेच असतील असं नाही. जाहिरातीच्या बदल्यात फुकट प्रवासाचा पास, अशी सर्रास देवघेव होती. आमच्या विभागात याला बार्टर म्हणायचे. हॉटेलवाला जाहिरात द्यायचा आणि साहेबांचं महाबळेश्वर व्हायचं. तिकडे १९०६ च्या हेपबर्न कायद्यानं पासांवर बंधन आलं. त्याआधीच्या एखाद्या साप्ताहिकात रेल्वेविरुद्ध चकार शब्द नसेल तर आश्चर्य नको. आणि गावबातम्यांच्या कॉलममध्ये मधेच 'शिकागोला जायचं तर अमुक लाइनसारखी आरामशीर दुसरी नाही' अशा थाटाची ओळ आली तर ती बातमी नाही, ओळीवर पैसे घेऊन लावलेली जाहिरात आहे. अशा मजकुरावर 'जाहिरात' असं छापायची सक्ती १९१२ च्या कायद्यानं आली.

टिपणं काढताना अंकाची तारीख, पान, कॉलम, शेपटातला आकडा आणि अक्षरांत दिसलेली खोड एवढं तरी लिहाच. मजकुरात 'इन्स्ट.' असेल तर चालू महिना, 'अल्ट.' असेल तर मागचा. मी साधी दोनशे पानी वही वापरते.

माझी वही ऑगस्टपर्यंत आलीय. त्या लिव्हरी स्टेबलच्या जाहिरातीची मुदत शेपटातल्या आकड्याप्रमाणे जूनमध्येच संपली, तरी ती छापली जातेय. पैसे मिळत असतील असं मला वाटत नाही. कॉलमात चार बोटं जागा उरली की मुदत संपलेली जाहिरात आम्हीही टाकून द्यायचो. 'आर' चा पाय अजून तुटकाच आहे. फक्त मागच्या अंकापासून शेजारच्या 'वाय' चं शेपूटही गेलंय.