नागपूरहून खांदेरीचा दीपस्तंभ : दोन रात्री गाडीत, एक दिवस पाण्यावर

रेल्वेचं तिकीट नंतर काढा. आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवा आणि तिथी बघा. अलिबागजवळच्या खांदेरी बेटाची सहल फसते ती बहुतेक वेळा इथेच, नागपुरात, तारीख ठरवताना. दोघांच्या सुट्ट्या जुळल्या, शनिवार मिळाला, गाडीत जागा मिळाली की लोक निघतात आणि थळच्या किनाऱ्यावर पोहोचून चिखलात बसलेल्या होड्या बघत दुपार काढतात.

बेत असा. संध्याकाळी नागपूर सोडायचं, सकाळी मुंबई. गेटवेवरून बोटीने मांडवा, तिथून रिक्षाने थळ, थळहून मच्छीमारी होडीने खांदेरी बेट. १८६७ साली उभारलेला तिथला अष्टकोनी दीपस्तंभ आणि त्याच्याभोवतीचा किल्ला बघायचा, उजेडी परतायचं आणि रात्रीच्या गाडीने घरी. अलिबागला मुक्काम करा असं सांगणारे भरपूर भेटतील. करायचा तर करा, पण गरज नाही.

भरती-ओहोटीचा हिशेब

आपल्याकडे नागपुरात फुटाळा तलावाचं पाणी रात्रीतून जागा सोडून जात नाही. त्यामुळे समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो हे शाळेत पाठ केलेलं असलं तरी प्रवास ठरवताना डोक्यात येत नाही. त्यात भर म्हणजे चुकीचा सल्ला. ‘अलिबागला जाताय ना, मग ओहोटी बघून जा,’ असं जो तो सांगतो. हा सल्ला कुलाबा किल्ल्याचा आहे. तो किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोरच आहे आणि पाणी ओसरलं की तिथे चालत जाता येतं. खांदेरीला चालत जाता येत नाही, होडी लागते, आणि होडीला पाणी लागतं. ओहोटीला थळच्या किनाऱ्यावरच्या होड्या गाळात टेकतात. त्या हलवायला कोणी तयार होत नाही आणि दुप्पट पैसे देऊनही पाणी येत नाही. म्हणजे खांदेरीला भरती हवी. कुलाबा आणि खांदेरी एकाच दुपारी उरकू म्हणणाऱ्याने दोन्हीपैकी एकाचाही विचार केलेला नसतो.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट. तिथीच्या आकड्याला तीनने गुणा, चारने भागा, जो आकडा येईल त्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, संध्याकाळीही तशीच. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, म्हणून अष्टमीला दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. सहलीला हा दिवस बाद.

हिशेब करताना तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला, पक्ष. शुक्ल असो की कृष्ण, आकडा एक ते पंधराच धरायचा. अमावस्येला पंचांगात तीस लिहितात, ते इथे चालत नाही, पंधराच घ्या. दुसरा, तिथी बदलण्याची वेळ. कॅलेंडरवर तिथीसमोर ती संपण्याची वेळ छापलेली असते. सूर्योदयाची तिथी धरा, पण ती सकाळीच संपत असेल तर पुढच्या तिथीचाही आकडा काढून ठेवा आणि दोन्हींच्या मधली वेळ माना. तिसरा घोळ सगळ्यात महागात पडतो. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास हा हिशेब खऱ्या भरतीच्या जरा आधीची वेळ देतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते, प्रत्यक्षात बारा वाजून जातात. म्हणून या दिवसांत उत्तरात अर्धा-पाऊण तास मिळवा. निघण्याच्या आदल्या दिवशी मुंबईचं भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर बघून पडताळा घ्याच. तिथीचा हिशेब दोन महिने आधी तारीख निवडण्यासाठी आहे, होडीत बसण्याच्या मिनिटासाठी नाही.

आता तुमची वेळ बसवा. विदर्भ एक्सप्रेसने सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटी गाठलं तर थळला साडेदहापर्यंत पोहोचता येतं. पूर्ण भरतीच्या आधीचे तीन तास आणि नंतरचे तीन तास होडीचे. साडेदहाला निघून तीनला परत यायचं तर भरती बारा ते दीडच्या दरम्यान हवी. असे दिवस म्हणजे पौर्णिमा, अमावस्या आणि त्यांच्या दुसऱ्या दिवशीची प्रतिपदा. चतुर्दशीला दुपारी लवकर आटपावं लागतं, द्वितीयेला सकाळी ताटकळावं लागतं. दोन्ही जमतात, पण ओढाताण होते. कार्तिक ते माघ या चार महिन्यांत असे सोळा दिवस येतात आणि त्यातले सुट्टीचे मोजकेच. म्हणून कॅलेंडर आधी.

एक धोका ध्यानात ठेवा. हे दिवस उधाणाचे असतात. पाणी खूप चढतं आणि तेवढंच उतरतं, आणि उतरताना एकसारखं उतरत नाही. भरती संपल्यावर पहिल्या तासात फारसं कळत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी निघून जातं. बेटावर रेंगाळणारे यातच अडकतात. ‘आत्ता तर एवढं पाणी होतं’ असं म्हणेपर्यंत थळच्या बाजूला गाळ उघडा पडलेला असतो आणि मग गुडघाभर चिखलातून उतरावं लागतं. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, निघा म्हणाला की निघा. फोटो राहिला तर राहू द्या. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, समुद्र शांत असतो म्हणून तेव्हा जावं असंही कोणी सांगेल. शांत असतो, खरंच. पण दुपारी ओहोटी असते.

पावसाळ्याचा विचारही करू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्यानंतरही दर्या लगेच शांत होत नाही.

होडी ठरवणं

सीएसएमटीवरून गेटवे टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. मांडव्याची बोट तासाभराची. रिक्षा मांडव्यावरूनच थेट थळच्या कोळीवाड्यापर्यंत ठरवा. अलिबागला जाऊन मागे येण्यात अर्धा तास जातो.

भाव होडीचा असतो, माणशी नसतो. दोघंच असाल तर सगळी होडी अंगावर येते, म्हणून किनाऱ्यावर दुसरा गट दिसतोय का बघा आणि त्यांच्यात सामील व्हा. ठरवताना जाणं, बेटावर दोन तास थांबणं आणि येणं असं एकत्र बोला. थांबण्याचं बोलणं राहिलं की परतताना वाद होतो. पैसे अर्धे आधी, अर्धे परत आल्यावर. लाइफ जॅकेट दोघांनाही मागा, आणि ते मांडीवर ठेवायला नसतं.

होडीत चढताना सॅक पाठीला, दोन्ही हात मोकळे, मोबाइल पिशवीत. लाटेने होडी वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना नाही. धक्क्याला उतरतानाही हेच. ज्याला पाण्याची भीती जास्त त्याने आधी चढावं, म्हणजे दुसरा मागून आधार देऊ शकतो. मळमळत असेल तर खाली बघू नका, लांबच्या किनाऱ्याकडे बघा. आदल्या रात्री गाडीत झणझणीत काही खाऊ नका. तर्री घरी आल्यावर.

बेटावर

बेटाला दोन टेकड्या आहेत, उंच टेकडीवर दीपस्तंभ. आधी तिकडेच जा, ऊन वाढायच्या आत. वर मनोऱ्यात सोडायचं की नाही हे तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हाती. नीट विचारा, नाही म्हणाले तर हुज्जत नको. सोडलंच तर अरुंद जिन्यावर एकाने चढावं आणि दुसऱ्याने तो वर पोहोचेपर्यंत थांबावं. उतरताना तोंड शिडीकडे. काचेला, भिंगाला हात लावायचा नाही. मोठ्या भिंगाच्या दीपस्तंभात दिवसा पडदे ओढून ठेवतात, कारण भिंगातून उलट आलेलं ऊन एका बिंदूवर एकवटून आतलं सामान जाळू शकतं. पडदा दिसला तर फोटोसाठी सरकवू नका.

किल्ला १६७९ मधला, शिवाजी महाराजांच्या हुकमाने बांधलेला. काम चालू असतानाच मुंबईच्या इंग्रजांनी आरमार पाठवून ते रोखायचा प्रयत्न केला आणि मायनाक भंडारींच्या मराठा आरमाराने ते जमू दिलं नाही. समोर दिसतं ते उंदेरी बेट, जंजिऱ्याच्या सिद्दीने १६८० साली बळकावलेलं. इंग्रजांच्या जुन्या कागदांत ही जोडी हेनरी-केनरी म्हणून भेटते. आज खांदेरीचं सरकारी नाव कान्होजी आंग्रे बेट आहे आणि २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत ते आहे. चाकांच्या लोखंडी गाड्यावरची तोफ आणि ठोकल्यावर धातूसारखा वाजणारा खडक, ही दोन ठिकाणं विचारून घ्या. छोट्या दगडाने हलकेच वाजवा, घणाने ठोकल्यासारखं नको. वेताळाचं देऊळ कोळ्यांचं जागतं ठिकाण आहे, चपला बाहेर.

पाणी माणशी दोन लिटर न्या, बेटावर खाण्यापिण्याची सोय धरू नका. संत्री घरचीच आहेत, न्या. सालं परत आणा.

परत

दुपारी वारा वाढतो, त्यामुळे येताना होडी जास्त उडते आणि अंग भिजतं. एक कोरडा जोड पिशवीत तळाशी नको, वरच ठेवा. मांडव्याहून शेवटच्या बोटीची वेळ सकाळी उतरतानाच विचारून ठेवा.

परतीला मुंबई-नागपूर दुरांतो सोयीची, कारण ती मध्यरात्रीनंतर, सव्वाबाराला सुटते. तिकीट काढताना तारीख दुसऱ्या दिवसाची घाला. शनिवारी खांदेरी बघून शनिवारच्याच तारखेचं दुरांतोचं तिकीट हातात असेल, तर ती गाडी तुम्ही होडीत बसायच्या आधीच नागपूरला निघालेली असते.