चाचणीच्या कागदावर सही करण्याआधी

नौपाड्यात आमचं औषधाचं दुकान. परवा एक मुलगा आला, हातात चुरगळलेलं संमतीपत्र. नैराश्यावरच्या नव्या गोळीच्या चाचणीत नाव द्यायचं म्हणाला, "आनंदी वाटेल ना?" त्याला स्टुलावर बसवून जे सांगितलं तेच इथे सांगते.

कागद घरी आणा, तुम्हाला कळेल त्या भाषेत मागा. सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या औषधचाचण्यांची नोंदवही, तिचा नोंदणी क्रमांक विचारून तिच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा. नोंद नसेल तर सरळ उठून या. नीतिसमितीची, म्हणजे भाग घेणाऱ्यांचं हित जपणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का? इजा झाल्यास उपचाराचा खर्च कोणाचा? औषधचाचण्यांच्या २०१९च्या नियमांत हे सगळं आहे. कारण न देता कधीही बाहेर पडता येतं, हेही.

नैराश्याची चालू गोळी मात्र मनाने बंद करू नका. मी केली होती. चौथ्या दिवशी घोडबंदरच्या बसमध्ये मान वळवली की डोक्यात वीज चमकायची, दांडा घट्ट धरून उभी होते.

आणि स्वतःला विचारा: आजार बरा करायचाय, की नुसतं सुख हवंय? १९५४मध्ये ओल्ड्स आणि मिल्नर या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत तारा बसवल्या; कळ दाबली की मेंदूला विजेचा सुखद झटका मिळे, आणि उंदीर कळ दाबतच राहिले. मला ते उंदीर विसरवत नाहीत.

मुलाने प्रश्न बिलाच्या मागे लिहून नेले.