जुन्या विंडोजची डागडुजी: आधी डिस्क, मग फाइली, शेवटी अपडेट

अपडेट अडकलं की बहुतेक जण तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतात, आणि तरीही जमलं नाही तर थेट फॉरमॅट मारतात. बऱ्याचदा दोन्हींची गरज नसते. विंडोज हे एकावर एक रचलेलं काम आहे. तळाशी हार्ड डिस्क, तिच्यावर कंपोनंट स्टोअर, म्हणजे विंडोज फोल्डरमधलं विनएसएक्सएस हे सिस्टिम फाइलींचं कोठार. त्या कोठारातून सिस्टिम फाइली भरल्या जातात आणि सगळ्यात वर अपडेट बसतं. तळ खराब असेल तर वर कितीही डोकं फोडलं तरी उपयोग नाही. म्हणून दुरुस्ती खालून वर करत यायची.

आज्ञांबद्दल एक सूचना. त्या इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा; स्पेस आणि तिरपी रेघ मात्र दिसते तिथेच. कमांड प्रॉम्प्ट नेहमी राइट क्लिक करून "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" निवडूनच उघडा, नाहीतर पहिल्याच आज्ञेला नकार मिळेल.

हातात नेमकं काय आहे

विंडोजचं बटण आणि आर दाबून "विनव्हर" टाइप करा. विंडोज १० असेल तर आवृत्ती २२एच२ आणि बिल्ड १९०४५ दिसायला हवा. विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा योजना, ईएसयू, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि ती फक्त २२एच२ वरच मिळते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक येते. तीन वाटा आहेत: विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज सिंक केल्यास फुकट, नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट, किंवा ३० डॉलर. मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. एका नोंदणीवर १० मशीन चालतात. ऑफिसच्या डोमेनला जोडलेल्या मशीनला ही घरगुती योजना लागू नाही.

आवृत्ती २००४ ते २१एच२ यांपैकी असेल तर २२एच२ वर जाणं सोपं आहे. फरक एका छोट्या पॅकेजचा आहे, कारण फाइली आधीच आलेल्या असतात. त्याहून जुनी असेल तर पूर्ण इन्स्टॉलर लागेल.

विंडोज ७ चा मोफत पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला आणि पैसे भरून मिळणारा १० जानेवारी २०२३ ला संपला. विंडोज ८.१ देखील त्याच दिवशी थांबलं. तरीही आपल्याकडे छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत विंडोज ७ चालू आहे, कारण पेजमेकर, जुने मराठी फॉन्ट आणि यूएसबीला लावलेलं डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची चावी) नव्या मशीनवर चालेलच याची खात्री नसते. त्याची गोष्ट पुढे वेगळी घेतली आहे.

डिस्क आणि घड्याळ

पहिलं काम डेटाची कॉपी. दुसरी ड्राइव्ह लावा आणि कामाच्या फाइली काढून घ्या. हे "नंतर बघू" म्हणून टाळू नका, कारण पुढची एक पायरी मरणाऱ्या डिस्कला पार झोपवू शकते.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. त्यात तीन ओळी बघा: ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (संशयित सेक्टर) आणि सी६ (न वाचता आलेले सेक्टर). जुन्या फिरत्या डिस्कवर सी५ शून्याच्या वर असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल, तर सिस्टिम फाइली दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. डिस्क बदला. एसएसडी टाकली तर जुना पीसी वेगानेही चालेल, म्हणजे पैसे वाया नाहीत.

तब्येत ठीक दिसली तर:

सीएचकेडीएसके सी: /एफ

मशीन चालू असताना ही ड्राइव्ह तपासता येत नाही, म्हणून पुढच्या बूटला तपासू का असं विचारेल. वाय दाबून रीस्टार्ट करा. /एफ ऐवजी /आर दिलं तर प्रत्येक सेक्टर वाचला जातो. १ टीबीच्या फिरत्या डिस्कला तासन् तास लागतात. मधेच बटण दाबून बंद करू नका.

वीज हा आपल्याकडचा मोठा घोळ आहे. फाइली मोडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अपडेट लिहिलं जात असताना लाइट जाणं. साध्या डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस काही मिनिटं तग धरतो, आणि बॅटरी जुनी असेल तर तेवढाही नाही. म्हणून अपडेटला बसवताना यूपीएसच्या भरवशावर राहण्यापेक्षा वीज टिकेल अशी वेळ निवडा.

घड्याळही बघा. मशीन दर वेळी जुनी तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची गोल बॅटरी संपली आहे. तारीख चुकीची असली की सर्व्हरचं प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटतं आणि अपडेट ८००७२एफ८एफ हा एरर देऊन थांबतं. नव्या बॅटरीला फारसा खर्च येत नाही, पण हे न कळल्यामुळे विंडोज पुन्हा टाकलेल्या मशीन कमी नाहीत.

कोठार आधी, फाइली नंतर

एसएफसी, म्हणजे सिस्टिम फाइली तपासणारी आज्ञा, मोडलेली फाइल दुरुस्त करते तेव्हा चांगली प्रत कोठारातून घेते. कोठारच सडलेलं असेल तर ती दुरुस्ती कुठून करणार? म्हणून विंडोज ८, ८.१ आणि १० वर आधी कोठार तपासणारी आज्ञा, डीआयएसएम:

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /स्कॅनहेल्थ

दुरुस्त करण्याजोगं नुकसान सांगितलं तर:

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ

टक्केवारी २० वर किंवा ६२.३ वर बराच वेळ अडकल्यासारखी दिसते. ती अडकलेली नसते. अर्धा तास तरी हात लावू नका.

यात सगळ्यात जास्त भेटणारा एरर ८००एफ०८१एफ, म्हणजे चांगल्या फाइली सापडल्या नाहीत. तेव्हा त्याच आवृत्तीची, त्याच भाषेची आणि त्याच बिटची आयएसओ फाइल, म्हणजे विंडोजच्या इन्स्टॉल डिस्कची प्रत, घ्या आणि डबल क्लिक करा. ती ड्राइव्हसारखी उघडते. समजा तिला ई: हे अक्षर मिळालं. सोर्सेस फोल्डरमध्ये इन्स्टॉल.विम आहे की इन्स्टॉल.ईएसडी ते बघा. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवलेल्या आयएसओत ईएसडी असते. मग आतल्या आवृत्त्यांची यादी:

डीआयएसएम /गेट-विमइन्फो /विमफाइल:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.ईएसडी

तुमचं मशीन होम असेल तर होमच्या समोरचा क्रमांक, प्रो असेल तर प्रोचा. तो क्रमांक ६ निघाला तर:

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ /सोर्स:ईएसडी:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.ईएसडी:६ /लिमिटअ‍ॅक्सेस

विम फाइल असेल तर "ईएसडी" दोन्ही ठिकाणी बदलून "विम" करायचं. तरीही तोच एरर आला तर बहुधा मोडलेल्या फाइली नंतरच्या मासिक अपडेटमधल्या आहेत, ज्या जुन्या आयएसओत नाहीत. इथे पुढे खणत बसू नका. शेवटी दिलेला दुरुस्ती इन्स्टॉल करा.

कोठार साफ झालं की:

एसएफसी /स्कॅननाऊ

उत्तर चारपैकी एक येतं. काहीच चूक सापडली नाही. चुका सापडल्या आणि दुरुस्त झाल्या. चुका सापडल्या पण काही दुरुस्त झाल्या नाहीत. किंवा काम करताच आलं नाही. दुसरं उत्तर आलं तर रीस्टार्ट करून पुन्हा चालवा. चौथं आलं तर सेफ मोडमध्ये चालवा.

तिसऱ्या उत्तराला घाबरून लगेच फॉरमॅट मारतात. आधी कोणती फाइल ते बघा. विंडोज फोल्डर, त्यात लॉग्ज, त्यात सीबीएस, आणि तिथली सीबीएस.लॉग डेस्कटॉपवर कॉपी करा; जागेवरच उघडायला गेलात तर परवानगी नाही म्हणेल. नोटपॅडमध्ये कंट्रोल एफ करून "कॅनॉट रिपेअर" शोधा. त्या ओळीत फाइलचं नाव असतं. ओपनसीएल.डीएलएल असेल तर ती ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरने बदललेली असण्याची शक्यता मोठी आणि त्यात काही बिघडत नाही. दर वेळी वेगळ्याच फाइली मोडलेल्या दिसत असतील तर संशय रॅमवर घ्या. सर्च बॉक्समध्ये "एमडीएससीएचईडी" टाइप केलं की मेमरी तपासणारं टूल येतं. रॅम काढून तिचे पाय खोडरबरने हलके पुसून परत बसवल्यावरही कधीकधी त्रास थांबतो.

विंडोज बूटच होत नसेल तर इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवरून बूट करून रिपेअरमधला कमांड प्रॉम्प्ट उघडा. तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात. विंडोज ७ वर तर ती १०० एमबीची राखीव पार्टिशन सी: होऊन बसते आणि खरं विंडोज डी: वर जातं. आधी "डीआयआर डी:\" करून विंडोज फोल्डर दिसतंय का बघा, मग:

एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडीआयआर=डी:\ /ऑफविनडीआयआर=डी:\विंडोज

अपडेटचा साठा

फाइली निरोगी आणि तरी अपडेट होत नाही, तेव्हा बहुधा डाउनलोडचा साठा बिघडलेला असतो. सर्व्हिसेसची खिडकी उघडून विंडोज अपडेट, बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर आणि क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस थांबवा. विंडोज फोल्डरमधल्या सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशनचं आणि सिस्टिम३२ मधल्या कॅटरूट२ चं नाव बदला, उदाहरणार्थ मागे "जुना" जोडा. डिलीट करू नका. शेजारीच नुसतं "कॅटरूट" आहे, त्याला तर हातच लावू नका. मग सर्व्हिसेस सुरू करून रीस्टार्ट. अपडेट हिस्ट्रीची यादी रिकामी दिसेल, पण बसलेली अपडेट गेलेली नसतात.

विंडोज १० वर जानेवारी २०२४ च्या केबी५०३४४४१ या अपडेटने (केबी म्हणजे अपडेटचा क्रमांक) अनेकांना ८००७०६४३ हा एरर दिला. कारण फाइलींचं नव्हतं. रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि जुन्या मशीनवर ती नसते. तो एरर दिसला म्हणून एसएफसी चालवत बसणं व्यर्थ.

विंडोज ७ वेगळं का

विंडोज ७ वर रिस्टोअरहेल्थ हा पर्यायच नाही. तो टाइप केला की एरर ८७ येतो. त्याऐवजी केबी९४७८२१, म्हणजे सिस्टिम अपडेट रेडिनेस टूल. ते दिसतं अपडेटसारखं, पण इन्स्टॉल होताना कोठार तपासतं आणि चेकसर.लॉग त्याच सीबीएस फोल्डरमध्ये लिहितं. लॉगच्या शेवटी न मिळालेल्या फाइलींखाली केबी क्रमांक असतील तर ती अपडेट मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवरून उतरवा, विंडोज फोल्डरमध्ये "चेकसर" आणि त्यात "पॅकेजेस" असे फोल्डर करून तिथे ठेवा आणि टूल पुन्हा चालवा.

नव्याने टाकलेलं विंडोज ७ अपडेट सर्व्हरशी बोलतच नाही, ८००७२ईएफई देतं. कारण ऑगस्ट २०२० पासून जुन्या एसएचए-१ सहीचा, म्हणजे अपडेट खरं असल्याच्या डिजिटल शिक्क्याचा, मार्ग बंद झाला आणि एसएचए-२ ओळखणारं अपडेट त्या मशीनमध्ये अजून गेलेलं नसतं. ते हाताने घालावं लागतं. सगळ्या फाइली कॅटलॉगवरून दुसऱ्या मशीनवर उतरवा, नेट काढा, अपडेट "कधीच तपासू नका" वर ठेवून रीस्टार्ट करा. नाहीतर प्रत्येक फाइल "अपडेट शोधत आहे" म्हणत तास खाते. क्रम असा: सर्व्हिस पॅक १ (केबी९७६९३२), केबी३०२०३६९, मग २०१६ पर्यंतचं एकत्रित केबी३१२५५७४, त्यानंतर केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९, रीस्टार्ट, केबी४५३६९५२, शेवटी जानेवारी २०२० चं केबी४५३४३१०. ३२ की ६४ बिट ते आधी नीट बघा. शेवटच्या त्या अपडेटनंतर "स्ट्रेच" केलेला वॉलपेपर काळा होतो. त्यासाठी केबी४५३९६०२ आहे, पण ते वरची यादी पूर्ण झाल्याशिवाय टाकलं तर मशीन बूट न होण्याचा धोका आहे.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जी मशीन लॉक केली त्यांत बहुतांश विंडोज ७ होती, आणि त्यावरचा पॅच मार्चमध्येच आला होता. वरची यादी झालेल्या मशीनला तो मिळालेला असतो. २०२० नंतरची भोकं मात्र उघडीच राहतात. म्हणून असं मशीन फक्त डोंगलच्या कामापुरतं ठेवा, नेटची वायर काढा, बँकेचा व्यवहार आणि ईमेल दुसरीकडे करा.

एसएफसीला न सुटणारी गाठ

लोडर किंवा अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज चालू करणारं सॉफ्टवेअर, वापरून चालवलेलं विंडोज असेल तर त्याने सिस्टिम फाइली बदललेल्या असू शकतात. एसएफसी त्या मूळ रूपात आणते आणि अ‍ॅक्टिव्हेशन उडू शकतं. "हलकं केलेलं" विंडोज त्याहून वाईट, कारण त्यातलं कोठारच छाटलेलं असतं. त्याची दुरुस्ती करण्यापेक्षा मूळ आयएसओ टाका.

बाकी सगळं करूनही विंडोज १० अडलं तर दुरुस्ती इन्स्टॉल: चालू विंडोजमधूनच आयएसओतली सेटअप फाइल चालवा आणि "फाइली आणि अ‍ॅप ठेवा" हाच पर्याय निवडा. २० जीबीच्या आसपास मोकळी जागा लागते. हा पर्याय फिकट दिसत असेल तर आयएसओची भाषा किंवा एडिशन जुळत नाही. पेन ड्राइव्हवरून बूट करून चालवलंत तर तो मिळतच नाही. अँटिव्हायरस आधी काढून टाका आणि यूएसबीवरच्या अनावश्यक वस्तू उपटा; यामुळेच सेटअप मधे थांबून मागे फिरतो.