मनोविकार वॉर्डातली ड्युटी : त्रास आजाराचा की गोळीचा?

जीएनएमची (नर्सिंग डिप्लोमाची) नवी बॅच सायकियाट्रीला आली की पहिल्या दिवशी सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो, पेशंट अंगावर आला तर? मी ठाण्यात या वॉर्डची इनचार्ज आहे आणि मला काळजी असते ती दुसऱ्याच गोष्टीची. पेशंटला त्रास होत असतो गोळीचा आणि आपण तो आजाराच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. डॉक्टर राउंडला काही मिनिटं बघतात, आपण अख्खी शिफ्ट समोर असतो. त्यामुळे हे ओळखणं आपल्याच गळ्यात आहे.

औषधांची नावं पाठ करण्याआधी एक सवय लावून घ्या. पेशंटमध्ये काहीही नवीन दिसलं की दोन तारखा शोधा. हे कधी सुरू झालं, आणि औषध किंवा डोस शेवटचा कधी बदलला? निम्मा उलगडा तिथेच होतो.

हॅलोपेरिडॉल या अँटिसायकोटिकचं, म्हणजे भास-भ्रमावरच्या औषधाचं, इंजेक्शन दिल्यावर काही तासांत ते पहिल्या चार-पाच दिवसांत, विशेषतः तरुण मुलांची, मान वळून अडकते, जबडा आवळतो किंवा बुबुळं वर चढून तिथेच राहतात. पेशंट पूर्ण शुद्धीत असतो आणि भयंकर घाबरलेला. नातेवाईक म्हणतात अंगात आलं, नवखी सिस्टर म्हणते नाटक करतोय. हा डिस्टोनिया, म्हणजे औषधानं स्नायू आखडणं. डॉक्टरांना कळवा, ते बहुतेक फेनरगनचं (प्रोमेथाझिन) इंजेक्शन सांगतील आणि साधारण अर्ध्या तासात मान सुटेल. तोवर जवळ थांबून त्याला सांगा की हे औषधानं झालंय आणि जाणार आहे. गिळता येत नसेल किंवा श्वासाला आवाज येत असेल तर मात्र धावायचं.

खरी गफलत होते ती अकाथिसियाची, म्हणजे औषधानं एका जागी बसवेनासं होण्याची. पेशंट कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालतो, बसवला की उठतो, दहादा टेबलापाशी येतो. शिफ्ट बदलताना द्यायच्या ओव्हरमध्ये जातं ‘पेशंट अस्वस्थ, ऐकत नाही’. रात्री फोनवर आणखी एक हॅलोपेरिडॉल सांगितलं जातं आणि आपण आगीत तेल ओततो.

तपासायचं असं. त्याला समोर खुर्चीवर बसवा, चपला काढायला सांगा आणि दोन मिनिटं गप्पा मारा, गाव कुठलं, जेवणाला भाजी कोणती होती. तोंड चालू द्या, डोळे त्याच्या पायांवर ठेवा. टाचा खालीवर होतात, हा पाय त्याच्यावर, पुन्हा खाली, हात मांड्या चोळत राहतात. मग उभं करा. वजन या पायावरून त्या पायावर, जागच्या जागी चालल्यासारखं. मग विचारा, ‘अस्वस्थपणा डोक्यात जास्त आहे की पायांत?’ आजारानं फिरणारा माणूस कानातल्या आवाजांबद्दल, मागे लागलेल्यांबद्दल बोलतो. हा म्हणेल, ‘सिस्टर, मला बसायचंय हो, पण पाय बसू देत नाहीत.’ ही तगमग एवढी असते की जीव द्यावासा वाटू शकतो, म्हणून अशा पेशंटवर लक्ष वाढवा. डॉक्टर डोस कमी करतील किंवा प्रोप्रॅनोलॉल देतील. प्रोप्रॅनोलॉल देण्याआधी नाडी, बीपी बघायचं आणि दमा आहे का हे विचारायचं. हे न सांगताही आपण करायचं.

उलट बाजूचा त्रास म्हणजे चेहरा निर्विकार, पावलं लहान, चालताना हात हलत नाहीत. घरचे खूश असतात, ‘किती शांत झाला.’ तरी तुम्ही नोंद करा. वर्षानुवर्षं औषधं घेणारी आजी सतत ओठ चावते, जीभ फिरवते तेव्हा ‘दात नाहीत म्हणून’ असं म्हणून सोडू नका. हा टार्डिव्ह डिस्किनेसिया असू शकतो, दीर्घकाळच्या औषधानं आपोआप होणाऱ्या हालचाली. तो उशिरा पकडला तर कायमचा राहू शकतो.

पावसाळ्यात आपल्याकडे ताप म्हटला की मलेरिया, डेंगी. टेस्ट पाठवाच, पण अँटिसायकोटिक चालू असेल तर आधी त्याचा हात हातात घ्या. एका हातानं दंड, दुसऱ्यानं मनगट धरून कोपर हळूहळू वाकवा, सरळ करा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच ताठ लागला, सोबत घाम, गोंधळ, बीपी खालीवर, तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमची, म्हणजे या औषधांच्या जीवघेण्या दुष्परिणामाची, शंका घ्यायची. पुढचा डोस रोखा, डॉक्टरांना त्याच मिनिटाला बोलवा, सीपीकेसाठी (स्नायूंची इजा दाखवणारी तपासणी) रक्त तयार ठेवा. सकाळच्या राउंडची वाट बघितली तर जिवावर बेतू शकतं.

लिथियम, म्हणजे बायपोलर आजारात मूड स्थिर ठेवणारं औषध, आमच्या हवेत जपूनच द्यावं लागतं. देखभालीच्या उपचारात रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर ठेवतात, 1.5 च्या वर विषारी लक्षणं दिसू लागतात. म्हातारपणी त्याआधीही. म्हणजे औषध आणि विष यांत अंतर फार थोडं. नमुना शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी घ्यायचा. रात्री 9 ला गोळी दिली तर सकाळी 9 ला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त घेतल्यावरच. बोटांची बारीक थरथर असली तरी चालते. पण चहा बशीत सांडू लागला, जुलाब-उलट्या झाल्या, जीभ अडखळली, झोकांड्या जाऊ लागल्या, की डोस रोखून कळवायचं. घरचे मात्र म्हणतात, दारू प्यायलाय.

अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. म्हणून मे महिन्यात वागळे इस्टेटच्या शेडमध्ये घाम गाळणारा, नवरात्रात ऑक्टोबर हीटमध्ये निर्जळी धरणारी आणि बीपीसाठी एकदम मीठ तोडणारा, हे तिघेही धोक्यात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही पातळी चढते. इथे आपली मानसिकता आडवी येते. ठाण्यात 1901 पासून मनोरुग्णालय आहे आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ ही चेष्टा आजही चालते. मग गुडघेदुखीच्या डॉक्टरांपुढे लिथियमचं नाव कोण काढणार? डिस्चार्जच्या वेळी मी नातेवाइकांना बजावते, कोणाकडेही जा, आमचा कागद सोबत न्या.

क्लोझापिन या अँटिसायकोटिकवर ताप किंवा घसादुखी आली तर त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. पांढऱ्या पेशी अचानक उतरू शकतात, म्हणूनच पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात. रोज विचारायची गोष्ट मात्र वेगळी, संडास झाली का? या औषधाची बद्धकोष्ठता आतडं बंद पाडते, माणसं त्यानं दगावतात. लाज वाटते म्हणून नर्सिंगची मुलं विचारत नाहीत, ती लाज सोडा. आणखी एक, बिडी-सिगारेट ओढणारा वॉर्डात आला, धूर बंद झाला, की त्याच डोसला क्लोझापिनची रक्तातली पातळी चढते आणि तो पेंगायला लागतो. तंबाखू मळणाऱ्याला हे लागू नाही, परिणाम धुराचा आहे. 48 तासांहून जास्त गोळी चुकली असेल तर जुना डोस सरळ देऊ नका, पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून चढवावं लागतं.

बाकीचं थोडक्यात. चक्कर म्हणाला की बीपी आडवं असताना आणि उभं केल्यावर 1 व 3 मिनिटांनी मोजा. ओलान्झापिनवर वजन, कंबर आणि साखर बघा. रिस्पेरिडोनवर बायकांना पाळीबद्दल विचारा, आपणहून सांगत नाहीत. लॅमोट्रिजिन किंवा कार्बामाझेपिनवर पुरळ, त्यातही तोंडात फोड, दिसले तर तातडीनं कळवा. डिप्रेशनची गोळी सुरू झालेल्या आजोबांना ग्लानी आली तर रक्तातलं सोडियम बघायचं. त्याच गोळीवरच्या तरुणांना पहिल्या काही आठवड्यांत मरणाचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा.

आणि लिहा नीट. ‘अस्वस्थ’ या शब्दानं कोणालाच काही कळत नाही. ‘परवा रिस्पेरिडोन 4 वरून 6 मिग्रॅ. रात्री 2 पासून येरझाऱ्या, दोन मिनिटं बसू शकत नाही, भास नाकारतो, म्हणतो पाय बसू देत नाहीत. 2.20 ला डॉक्टरांना कळवलं.’ एवढं असलं की पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला आणि डॉक्टरांना काय करायचं ते समजतं. दुष्परिणामाची नुसती शंका असली तरी राष्ट्रीय औषध-सुरक्षा यंत्रणेला 1800-180-3024 वर कळवता येतं. त्याला पुरावा लागत नाही, आणि कळवणारी नर्स असली तरी चालते.