पलंगाला कठडे लावण्याआधी

वृद्धाश्रमातले आजी-आजोबा रात्री उठतात आणि पडतात, म्हणून कठडे लावा, हात बांधा, अशी मागणी बहुधा घरचेच करतात. लगेच हो म्हणू नका. कठडा ओलांडताना माणूस जास्त उंचावरून पडतो. गादी आणि कठड्याच्या फटीत मान अडकून जीवही जाऊ शकतो. बांधून ठेवलं की स्नायू झिजतात, शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होतात.

आधी कारण शोधा: लघवीची घाई, बद्धकोष्ठ, दुखणं, झोपेचं नवं औषध. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. पलंग जमिनीलगत उतरवा, संडासाच्या वाटेवर मंद दिवा ठेवा. पलंगाशेजारी जमिनीवर गादी अंथरता येते, पण चालणारा माणूस तिलाच अडखळतो.

संमती त्या व्यक्तीचीच घ्या. विस्मरण म्हणजे काहीच कळत नाही असं नव्हे. छोट्या वाक्यांत सांगा, त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावा. मुलाची सही पुरेशी समजू नका; त्याला कायदेशीर अधिकार आहे का ते बघा.

तरीही बांधावं लागलंच, तर नोंदवहीत कारण, कोणी ठरवलं आणि सोडायची वेळ लिहा. ‘गरजेनुसार बांधा’ असा मोघम शेरा चालवून घेऊ नका. रात्रपाळीला माणसं कमी असली की तो हमखास दिसतो. गप्प ठेवण्यासाठी दिलेली झोपेची गोळीही याच वहीत लिहायची.