सोलापुरात एचआयव्हीबाधित कुटुंबांतल्या मुलांसोबत काम करायला येणाऱ्यांसाठी

समाजकार्यात एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्रात एमए करून या कामात उतरणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: मुलाशी बोलण्याआधी त्याला सांभाळणाऱ्या माणसाशी बोला. बहुतेक वेळा ती आजी असते, नाहीतर मावशी. आईवडील दोघंही गेलेले, किंवा एक गेलेला आणि दुसरा अंथरुणाला खिळलेला. घरात मोठ्यांना ठाऊक असलेली, पण कुणीच तोंडातून न काढलेली एक गोष्ट असते. लेकरं त्या गप्प बसण्यानंच जास्त खचतात, असं माझं ठाम मत आहे.

पूर्व भागातल्या एका घरी आजी विड्या वळत होती. सूप मांडीवर, मान खाली, बोटं चालूच. नातीच्या गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल खरवडून काढलेलं आणि बाटली पिठाच्या डब्यामागे. ‘रक्त कमी आहे म्हणून गोळ्या, असं सांगितलंय तिला,’ आजी म्हणाली. ती पाणी आणायला आत गेली तशी पोरगी माझ्याजवळ सरकली. ‘मम्मीचं पण रक्तच कमी होतं ना?’

त्या पोरीनं हिशोब कधीच मांडला होता. तो तिला एकटीनं मांडावा लागला, हे दुखणं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. शाळकरी वयाच्या मुलांना त्यांच्या आजाराची माहिती द्यावी, लहानांना वयाला झेपेल तसं टप्प्याटप्प्यानं सांगावं, असं त्यात आहे. प्रत्यक्षात मी आधी शरीरातल्या शिपायांची गोष्ट सांगते: गोळी त्यांना बळ देते, विषाणूला वाढू देत नाही. आजाराचं नाव पुढे, आजीच्या संमतीनं आणि शक्यतो तिच्याच तोंडून. मग एक वाक्य न चुकता म्हणा, ‘यात तुझी काही चूक नाही.’ आई आपल्यामुळे गेली असं मनात धरून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि नियमित गोळ्या घेणारं मूल शिकतं, कमावतं, संसार करतं, हेही सांगा. सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचार केंद्रांत, ही औषधं २००४ पासून मोफत मिळतात.

निगेटिव्ह, म्हणजे एचआयव्ही नसलेल्या, भावंडाला विसरू नका. एआरटी केंद्रात त्याची फाइल नसते, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. बहिणीच्या गोळीची वेळ तोच पाळतो, आजीला दवाखान्यात तोच नेतो, ‘लई समजूतदार पोरगं’ म्हणून कौतुक होतं आणि रडायला जागा उरत नाही. शाळेच्या वेळेलाच पोट दुखणं, मोठ्या वयात अंथरूण ओलं होणं, खेळातून अंग काढून घेणं, यांकडे हट्ट म्हणून बघू नका. मरण्याची भाषा आली तर मात्र एकट्यानं सांभाळत बसू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हे नंबर पाठ असू द्या.

घरी जाताना गळ्यात आयकार्ड नको, संस्थेचं नाव लिहिलेली गाडी गल्लीत नको. शेजारणीनं विचारलं तर काय सांगायचं, ते आजीशी आधीच ठरवा. शाळेलाही आजार कळवायची सक्ती नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि या कारणावरून प्रवेश नाकारायला बंदी आहे. मुख्याध्यापकांशी बोलावंच लागलं तर ‘घरात मोठं दुःख झालंय, थोडं सांभाळून घ्या’ एवढं पुरतं. अशा मुलांना सांभाळणाऱ्या घरांसाठीच्या सरकारी बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून देणं हेही मनाच्या आरोग्याचंच काम समजा. महिन्याला काही पैसे हातात आले की आजीचा जीव थोडा हलका होतो, आणि ते पोराला लगेच जाणवतं.

पूर्व भागात काम करायचं असेल तर थोडी तेलुगू शिका, अक्कलकोटकडे कन्नड. आणि नोकरी घेतानाच दर आठवड्याला सीनियरसोबत केसवर बोलायची ठरलेली वेळ मागून घ्या.