सुट्टी एक, मुलूख एक

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात प्रवासाची तयारी वादाने सुरू होते: डब्यात दशम्या की थेपले? सासूबाई दशमीच्या बाजूच्या, सून गुजराती. मी दोन्ही बांधते. दशम्या पहिल्या दिवशी संपवायच्या, थेपले तिसऱ्या दिवसापर्यंत टिकतात.

मग प्रश्न येतो, जायचं कुठे. ‘दहा दिवसांत संपूर्ण दक्षिण’ असलं पत्रक आलं की मी त्यात शेव बांधते. एका सुट्टीत एकच मुलूख घ्या, मुक्काम दोन किंवा फार तर तीन गावी.

मुलूख ठरवताना आधी तिथला पाऊस बघा, शाळेची सुट्टी नंतर. आम्ही दिवाळीत तंजावरला गेलो, कारण तिकिटं काढून देणारा म्हणाला, ‘आता कसला पाऊस!’ बडोद्याचा पाऊस संपला होता हे खरं. पण तमिळनाडूचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरातच. चार दिवस ओले मोजे लॉजच्या पंख्याखाली. तिकडे जानेवारी-फेब्रुवारीत जा, फक्त पोंगलची गर्दी टाळा.

गाडी शक्यतो अशी निवडा की दिवसाउजेडी खिडकीतून काहीतरी दिसेल. बडोद्याहून चेन्नईला नवजीवन एक्सप्रेस जाते: दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस. सकाळ खानदेश-वऱ्हाडात, फलाटावरची मराठी ऐकत. बल्लारशाह गेलं की पाट्यांची अक्षरं गोल होतात, आणि थोड्या वेळाने भाताची शेतं सुरू होतात. विमानाने गेलात तर हा अख्खा दिवस हुकतो. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी एकशेवीस होते, त्या हिशेबावर राहू नका.

तंजावरला बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला. जुनी मराठी, दोन ओळी लावायला मला पाव तास लागला, तोवर आमचे हे बाहेर फिल्टर कॉफीचे दोन पेले पिऊन आले. बडोदेकरांनी तर ती बघावीच. सयाजीरावांच्या पहिल्या राणीसाहेब, चिमणाबाई, तंजावरच्या. १८८० साली लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर तिथल्या नर्तकी आणि वादकही इथे आले. निघण्याआधी असा एखादा आपल्या गावचा धागा शोधून ठेवा, म्हणजे परक्या गावात चौकशी करायला तोंड फुटतं.

ईशान्येकडे जायचं तर घड्याळ विसरा. वेळ देशभर एकच, पण डिसेंबरात गुवाहाटीला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचा चहा उकळत असतो! जेवून-बिवून दोनला निघायची बडोद्याची सवय तिथे चालत नाही. सहाला बाहेर पडा. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरसाठी इनर लाइन परमिट लागतं, ते आधीच काढा. आसाम-मेघालयाला नाही लागत.

नव्या गावात पहिली सकाळ मी भाजीबाजाराला देते. देवळं, किल्ले दुपारी. त्यासाठी तिथले पाच-सहा शब्द वहीत लिहून न्यायचे: किती, नको, पुरे, पाणी. तमिळमधला ‘पोदुम’, म्हणजे पुरे, पंगतीत फार उपयोगी. नुसता हात आडवा धरला तर वाढपी आपलं वाढतच राहतो.

गुवाहाटीत मला लांबुळकी, वासाची काजी नेमू लिंबं घ्यायची होती. वहीत बघून म्हटलं, ‘किमान?’ असमियात त्याचा अर्थ ‘किती’. यांना वाटलं मी भाव पाडतेय. हे मागून कुजबुजले, ‘किमान काय? आकडा तरी सांग.’ विक्रेती म्हणाली, ‘दह टका.’ ते मात्र यांनाही कळलं, आणि सुट्टे खिशातून यांनीच काढले.